घराजागेचे कागद व नगराचा कारभार

जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहत असतां सनदा, तहनामे, वकिलांचीं पत्रें व लढायांच्या बातम्या यांजकडे संग्राहकाची दृष्टि प्रथम जाते, आणि तें स्वाभाविक आहे. परंतु त्याच रुमालांत आणखी एका प्रकारचे कागद वारंवार आढळतात. त्यांत छत्रपतींचें किंवा पेशव्यांचें नांव असलें तरी तें मायन्यापुरतें. मजकूर असतो तो दोन शेजाऱ्यांमधील भिंतीचा, वळचणीच्या पाण्याचा, बोळांतून परसाकडे जाण्याच्या वाटेचा किंवा आडावर पाणी भरण्याच्या हक्काचा. असे कागद ‘घरगुती कज्जे’ म्हणून बाजूस काढले जातात आणि पुढें रद्दींत जातात. आमच्या मतें ही मोठी हानि आहे. नगराचा कारभार रहिवाशाच्या दारापर्यंत कसा पोंचत होता हें दाखविणारें साधन याहून चांगलें दुसरें नाहीं. म्हणून या कागदांचें स्वरूप काय, त्यांमागें कोणती व्यवस्था होती, ती पुढें कशी पालटली, आणि पालटल्यावरहि या कागदांचें काम कां संपलें नाहीं, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. उदाहरणादाखल मुख्यतः पुणें घेतलें आहे. कारण कसब्याचें शहर होतांना काय काय घडतें हें तेथें सलग पाहावयास मिळतें.

शेजाऱ्यांची साक्ष

घराजागेचा तंटा शेजाऱ्यांच्या साक्षीनें तोडावा ही कल्पना फार जुनी आहे. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत वास्तूसंबंधीं स्वतंत्र प्रकरणें आहेत. वास्तूचे विवाद सामंतांच्या, म्हणजे लगतच्या मालकांच्या, सांगण्यावर ठरवावे असें तेथें म्हटलें आहे. जागा विकावयाची असल्यास प्रथम भाऊबंद, मग शेजारी, मग धनको, आणि त्यांनीं न घेतल्यास परका, असा क्रम दिला असून विक्री आसपासच्या चाळीस कुळांसमोर, त्या घराच्या दारांत पुकारावी असाहि नियम आहे. घर प्रथम बांधल्यापासून चालत आलेली खिडकी, मोरी व पाण्याची वाट शेजाऱ्यानें मोडूं नये, हें स्मृतिकारांनींहि सांगितलें आहे.

मराठी अमदानींत निवाडा करणाऱ्यांपुढें हे ग्रंथ प्रत्येक वेळीं उघडलेले असत असें समजण्याचें कारण नाहीं. परंतु ग्रंथांतील मूळ तत्त्व रूढींत उतरलेलें होतें. ज्याच्या डोळ्यांपुढें भिंत उभी राहिली त्याचा शब्द दूरच्या अधिकाऱ्याच्या तर्कापेक्षां वजनदार, हेंच तें तत्त्व होय.

कसबा, पेठ आणि कोतवाली

कसब्याचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांचा, तर पेठेचा शेटे-महाजनांचा. नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारांतून कौल मिळे व येऊन राहणाऱ्यांस कांहीं वर्षें करांची माफी असे. उदमी लोक आणून बसविणें, बाजाराची व्यवस्था पाहणें हें शेट्याचें काम; हिशेब व लेखन महाजनाकडे. पुण्याच्या पेठा अशाच एकामागून एक वाढल्या. सदाशिव व नारायण या पेठांचीं नांवें पेशव्यांच्या घराण्यांतील पुरुषांवरून पडलीं. नाना पेठेचें नांव नाना फडणिसांवरून पडलें. वस्ती दाट झाली तसतशी दोन घरांमधील मोकळी जागा आटली आणि जेथें पूर्वीं कुंपण होतें तेथें भिंत आली. भिंतीबरोबर कज्जेहि आले.

हे कज्जे जेथें येत ती कचेरी कोतवालाची. कोतवाल म्हटला कीं लोकांस घाशीराम आठवतो. १७७७ सालीं तो कोतवालीवर आला, १७९१ सालीं जमावाच्या हातून त्याचा अंत झाला, आणि १८६३ सालीं मोरोबा कान्होबांनीं त्याच्या नांवानें ग्रंथ लिहिल्यापासून त्याची अपकीर्ति वाङ्मयांतहि कायम झाली. परंतु या एका पुरुषामुळें कोतवालीचें रोजचें काम झांकलें गेलें आहे. पेशवेकालीन कागदांवरून कोतवालाचीं कामें अशीं दिसतात: पेठांतील महत्त्वाचे तंटे निवडणें, बाजारभाव बांधून देणें, सरकारकामास मजूर पुरविणें, घराजागेच्या खरेदीविक्रीवर देखरेख ठेवणें, रहिवाशांची व आल्यागेल्याची नोंद ठेवणें, रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे कज्जे तोडणें, आणि दरमहा हिशेब सरकारांत रुजू करणें. यांतील खरेदीविक्रीचें व गल्ल्यांच्या कज्ज्यांचें अशीं दोन कामें आमच्या प्रस्तुत विषयाचीं आहेत. जागेची विक्री, तिचा तंटा आणि त्या जागेंत कोण राहतो याची नोंद या तिन्ही गोष्टी एकाच कचेरींत जमत, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. तसेंच ज्या कचेरीच्या हातीं इतकें सर्व असे तिच्या जुलमास आवर घालणें किती कठीण, हेंहि घाशीरामाच्या प्रकरणानें दाखवून दिलें.

कागद कसे ओळखावे

एका कज्ज्याचे कागद सहसा एकटे नसतात. प्रथम वादी व प्रतिवादी यांच्या तकरीरी, म्हणजे प्रत्येकानें लिहून दिलेली आपली हकीकत, येतात. मग राजीनामा. आज या शब्दाचा अर्थ अधिकार सोडणें असा झाला आहे. जुन्या कागदांत तो ‘होईल तो निवाडा मान्य’ अशी लेखी कबुली होय. तिच्याबरोबर जामीनकतबा असतो. पुढें साक्षीदारांच्या जबान्या, आणि शेवटीं निवाडपत्र किंवा महजर. हरणारा आपला हक्क नाहीं असें लिहून देई, त्यास येजितखत म्हणत. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई. दोहोंच्या रकमा कोठें कोठें त्याच कागदांच्या पाठीवर सांपडतात. यांपैकीं निवाडपत्र तेवढें राखून बाकीचे कागद टाकणारे संग्राहक पुष्कळ आहेत. पण निवाड्यांत निकाल कळतो. गल्ली कळते ती तकरीरींत व जबान्यांत. कोणाचें घर किती खणांचें, जोतें कोणत्या वर्षीं घातलें, मोरीचें पाणी पूर्वीं कोणीकडे जाई, हा तपशील तेथेंच मिळतो.

खरेदीखतांत जागेची चतुःसीमा दिलेली असते: पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस सामाईक भिंत. माप हात, गज व तसू यांत; घर मात्र खणांनीं मोजलेलें. हाताचें माप सर्वत्र सारखें नव्हतें, म्हणून आंकडा घेऊन लगेच फुटांत रूपांतर करणें धोक्याचें आहे. साक्षीदारांच्या निशाण्यांकडेहि लक्ष द्यावें. कुणब्याचा नांगर, उदम्याची तागडी, शिपायाची कट्यार अशा निशाण्यांवरून शेजारी कोणत्या धंद्याचे होते हें समजतें. एकाच गल्लींतील दोन पिढ्यांचीं खतें एकत्र मिळालीं, तर त्या गल्लीचा नकाशा नकाशावांचून तयार करतां येतो.

कालनिर्णयाविषयीं एक सूचना करणें जरूर आहे. घराच्या कागदांत शकाऐवजीं केवळ सुहूर सन असणें नेहमींचें. हा सन मृगापासून सुरू होतो. जून ते डिसेंबर या महिन्यांत सुहूर सनांत ५९९ मिळविले असतां इसवी सन येतो. जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे. ‘खमस सितैन मया व अलफ’ म्हणजे पांच, साठ, शंभर व हजार मिळून ११६५. तेव्हां तें वर्ष इसवी १७६४-६५ ठरतें. हा एक वर्षाचा फरक राजकारणांत चटकन् ध्यानांत येतो; घराच्या कागदांत तो तसाच राहून जातो, आणि मग वडिलांची खरेदी मुलाच्या नांवें लिहिली जाते.

नगरपालिका आणि नकाशा

१८१८ सालीं पेशवाई गेली. १८५० च्या २६ व्या कायद्यानें गांवच्या रहिवाशांनीं मागणी केल्यास तेथें म्युनिसिपालिटी स्थापण्याची सोय झाली. सातारा येथें ती १८५३ सालीं, वाईस १८५५ सालीं आणि पुण्यास १८५७ सालीं स्थापन झाली. रस्ते, गटारें, दिवे, सफाई हीं नव्या संस्थेचीं कामें. सार्वजनिक रस्त्यावर कोणी ओटा पुढें काढला, मोरी उघडी सोडली, परवानगीवांचून बांधलें, तर तिनें विचारावें. पण भिंत कोणाची हें तिनें ठरवूं नये. तें काम दिवाणी न्यायालयाचें झालें. जागेच्या मोजणीचें काम तिसऱ्याच खात्याकडे गेलें. मुंबई इलाख्यांतील १८६८ च्या ४ थ्या कायद्यानें शहरांतील जागांची मोजणी व चौकशी करण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढें १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांत तो विषय समाविष्ट झाला. मोजणी होऊन प्रत्येक जागेस नंबर पडला व धारकास सनद मिळूं लागली. आजची मिळकत पत्रिका हें त्याच पद्धतीचें फळ होय.

कोतवालीच्या एका कचेरींत असलेलें काम याप्रमाणें तीन ठिकाणीं वांटलें गेलें. यांत मोठा लाभ झाला यांत शंका नाहीं. एका माणसाच्या मर्जीवर घर जाण्याची भीति गेली, आणि माप कायम झालें. परंतु रहिवाशाच्या दृष्टीनें एक अडचणहि उत्पन्न झाली. शेजाऱ्याच्या बांधकामानें आपली जुनी मोरी तुंबली असें सांगत तो नगरपालिकेंत जातो. तेथें बांधकामाची परवानगी पाहतात. तो मोजणी कचेरींत जातो. तेथें हद्द पाहतात. मोरीचा प्रश्न दोहोंच्या कागदांत नसतो. नगरपालिकेच्या आकारणी वहींत नांव असल्यानें मालकी सिद्ध होते असाहि पुष्कळांचा समज आहे. पण ती वही कर कोणी भरावयाचा हें ठरविण्यासाठीं असते, आणि केवळ तेवढ्यावरून न्यायालय मालकी मानीत नाहीं. सातारा व वाई यांचा कारभार आज १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखालीं चालतो आणि पुण्यास १९५० पासून महानगरपालिका आहे. पण कामाची ही वांटणी मूलतः तीच राहिली आहे.

नकाशांत न दिसणारा हक्क

नकाशांत रेघ दिसते, वहिवाट दिसत नाहीं. भिंत सामाईक कीं एकाची, वळचणीचें पाणी पलीकडच्या अंगणांत पडूं देण्याची मुभा आहे कीं नाहीं, बोळांतून परसाकडे जाण्याची वाट कोणाकोणाची, हें सर्व वहिवाटीचें क्षेत्र. कायद्यानेंहि तें ओळखिलें आहे. १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा १८९१ सालीं मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याप्रमाणें उजेड, वारा, वाट यांचा उपभोग वीस वर्षें शांतपणें, उघडपणें व अखंड हक्कानें चालला असल्यास तो हक्क पक्का होतो. आतां वीस वर्षांची वहिवाट कशानें दाखवावयाची? जुनीं माणसें गेलेलीं असतात. तेव्हां काम पडतें तें याच उपेक्षित कागदांचें. पणजोबांच्या खरेदीखतांतील ‘उत्तरेस सामाईक भिंत’ हे तीन शब्द इतिहासकारास एका गल्लीची रचना सांगतात आणि त्या घरांत आज राहणाऱ्यास आधार देतात. जुना कागद इतक्या साध्या रीतीनें उपयोगी पडल्याचीं उदाहरणें इतिहाससंशोधनांत फारशीं नाहींत.

संग्राहकांस विनंति

राजकीय कागदांचें रक्षण पुष्कळ झालें आहे. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पेशवे दप्तरांतील निवडक कागद सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध केले. मूळ दप्तर आज शासनाच्या पुराभिलेख विभागाच्या ताब्यांत आहे. घराजागेचे कागद मात्र अजून घराघरांतच आहेत, आणि घरेंच राहिनाशीं झालीं आहेत. १९६१ च्या जुलैंत पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां वाड्यांबरोबर पेट्याहि गेल्या. त्यानंतरच्या काळांत जुने वाडे पाडून इमारती बांधण्याचा क्रम सुरू झाला. वाडा पडतो त्या आठवड्यांत माळ्यावरील पेटी रिकामी होते. मोडी वाचणारें घरांत कोणी नसतें, म्हणून कागद भंगाराबरोबर वजनावर जातात.

यासाठीं संग्राहकांस आमचें इतकेंच सांगणें आहे. घराचा रुमाल मिळाल्यास तो फोडूं नये. कागद ज्या क्रमानें बांधलेले होते त्या क्रमानेंच ठेवावे, कारण कज्जा त्या क्रमांतच समजतो. पेठ, गल्ली व वाडा यांची नोंद त्याच दिवशीं करावी. ठिकाण सुटलें कीं चतुःसीमा निरर्थक होते. पाठीवरील शेरे, हरकीच्या रकमा व निशाण्या यांची नक्कल मजकुराइतकीच काळजीनें घ्यावी. आणि अस्सल कागद मालकापाशींच राहूं द्यावा. संग्रहास छायाचित्र पुरे. मालकास त्याचा उपयोग आहे हें वर दाखविलेंच आहे, आणि ज्यास आपल्या कागदाचा उपयोग कळला तो मनुष्य तो कागद रद्दींत घालीत नाहीं.