मोबाईलच्या रिचार्जची मुदत संपल्यावर पुढे काय?

बियाण्याची पिशवी घेताना आपण तिच्यावरील अंतिम तारीख पाहतो. मोबाईलच्या रिचार्जची तारीख मात्र सहसा कोणी पाहत नाही. भातलावणीच्या धांदलीत ती केव्हा उलटून गेली हे कळतही नाही. एखादा दिवस फोन बंद राहिला तर फारसे बिघडत नाही. पण मुदतीनंतर कित्येक आठवडे लक्ष दिले नाही, तर नंबरच हातचा जातो. बँक खाते, आधार, पीएम-किसान, महाडीबीटी आणि ई-पीक पाहणी यांची कामे आता या नंबरावर येणाऱ्या ओटीपीवर चालतात. म्हणून मुदत संपल्यानंतर नेमके काय होते, हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

मुदतीनंतरचे टप्पे

पूर्वी स्थिती वेगळी होती. २००५-०६ च्या सुमारास ‘लाईफटाईम’ योजना निघाल्या. एकदा पैसे भरले की येणारे फोन वर्षानुवर्षे चालू राहत. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. तेव्हापासून नुसते येणारे फोन घ्यायचे असले तरी ठरावीक मुदतीने रिचार्ज करावा लागतो. मुदतीनंतर साधारणपणे पुढील टप्पे येतात.

१) मुदत संपताच जाणारे फोन आणि इंटरनेट बंद होते. न वापरलेला डेटा वाया जातो. येणारे फोन काही दिवस चालू राहू शकतात, नंतर तेही थांबतात. हे दिवस कंपनी व योजनेनुसार कमी-जास्त असतात.

२) सेवा थांबली तरी नंबर लगेच जात नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१३ च्या नियमानुसार, सलग ९० दिवस काहीही वापर झाला नाही तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो. फोनवरील बोलणे, संदेश पाठवणे आणि इंटरनेट हे सर्व वापरात धरले जाते. खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असल्यास केवळ वापर नाही म्हणून नंबर बंद करता येत नाही. मात्र नंबर राखून ठेवण्याचे शुल्क कंपनी या शिलकीतून कापू शकते.

३) नंबर बंद झाल्यावर तो पुन्हा चालू करून घेण्यासाठी १५ दिवसांची सवलत असते. ही शेवटची संधी समजावी.

४) त्यानंतर तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, ही बाब नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नोंदली गेली. पण त्यानंतर आपल्या बँकेचे संदेश परक्या माणसाच्या हाती पडू शकतात. म्हणून नंबर सोडायचाच असेल, तर आधी बँकेत व आधार केंद्रात जाऊन नवा नंबर नोंदवावा आणि मगच जुना सोडावा.

विहिरीवरचे सिमकार्ड

विठ्ठलवाडी, कल्याण, अंबरनाथ या पट्ट्यातील भाजी उत्पादकांकडे बहुधा दोन-तीन सिमकार्डे असतात. एक स्वतःचे, एक घरातील वडीलधाऱ्यांचे आणि कित्येकांकडे तिसरे पंपाच्या मोबाईल स्टार्टरमध्ये. स्टार्टरमधील सिमकार्डावर मुदत संपल्याचा संदेश येतो, पण तो वाचणार कोण? पावसाळ्यात पंप बंद असतो, त्यामुळे वापरही होत नाही. समजा रिचार्ज जूनमध्ये संपला, तर ऑक्टोबरमध्ये भेंडी-काकडीला पाणी देण्याची वेळ येईपर्यंत ९० दिवस उलटून गेलेले असतात. म्हणून घरातील सर्व सिमकार्डांच्या तारखा पंचांगावर किंवा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा स्टार्टरला फोन लावून पाहावा.

मुदतीचा हिशेब

अनेक योजना २८ दिवसांच्या असतात. २८ ला १३ ने गुणले की ३६४ होतात. म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज करावे लागतात. समजा रिचार्ज २०० रुपयांचा असेल, तर वर्षाचा खर्च २,४०० नव्हे, २,६०० रुपये येतो. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची आणि दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी योजना ठेवणे बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने फक्त बोलणे व संदेश यांसाठीचे, इंटरनेट नसलेले रिचार्जही देणे भाग झाले आणि विशेष रिचार्जची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर गेली. साधा हँडसेट वापरणाऱ्यांनी व स्टार्टरसाठी असा दीर्घ मुदतीचा रिचार्ज आधी विचारावा. दुकानदार जो सुचवेल तोच घेऊ नये.

बिलावरील (पोस्टपेड) जोडणी

येथे मुदत वेगळ्या अर्थाने असते. एखादी दरयोजना घेतल्यापासून सहा महिने ग्राहकाचे नुकसान होईल असा बदल कंपनीला करता येत नाही. ग्राहक मात्र या काळातही दुसरी योजना घेऊ शकतो. सहा महिन्यांनंतर दर बदलू शकतात. प्रीपेडप्रमाणे येथे सेवा आपोआप थांबत नाही, बिल चढतच राहते. म्हणून सहा महिने झाले की बिल नीट तपासावे.

कंपनी बदलायची असल्यास

नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत, नंबर चालू असावा आणि पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे. इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, मग जागा सोडून आपला दहा अंकी नंबर लिहून १९०० वर संदेश पाठवावा. कोणताही रिचार्ज असला तरी हा संदेश जाऊ द्यावा, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. विठ्ठलवाडी मुंबई दूरसंचार परिमंडळात येते. त्याच परिमंडळात बदल केल्यास कामाचे तीन दिवस लागतात. नाशिक किंवा पुण्याकडील नंबर महाराष्ट्र परिमंडळाचा असल्याने तो येथे आणताना पाच दिवस लागतात. भाजीची तोडणी आणि व्यापाऱ्यांशी बोलणी चालू असताना हा बदल करू नये.

लक्षात ठेवावे

१) मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी रिचार्ज करावा.
२) दुसऱ्या सिमकार्डावरून महिन्यातून एक तरी फोन करावा आणि खात्यात २० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवावी.
३) बँक व आधारला जोडलेला नंबर एकच ठेवावा आणि तो कधीही खंडित होऊ देऊ नये.
४) तक्रार १९८ वर नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे.

रिचार्जला थोडा उशीर झाला तर काही रुपयांत भागते. गेलेला नंबर परत मिळवणे मात्र अवघड असते आणि त्यापायी अनुदानाचा हप्ताही अडकू शकतो. तेव्हा आजच घरातील प्रत्येक सिमकार्डाची तारीख पाहून घ्यावी.