एका रेघेवर चालणारा धंदा

पुसदसारख्या गावात काचकामाला मोठे दुकान लागतेच असे नाही. फोटो आणि तुघरे मढवणारा, अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा किंवा शोकेस बनवणारा कारागीर घराच्या ओसरीत सपाट टेबल मांडतो, त्यावर जुनी सतरंजी अंथरतो आणि काम सुरू करतो. कटर, सरळ पट्टी, गुण्या आणि पक्कड एवढीच हत्यारे. भांडवल थोडे आहे खरे, पण एक रेघ चुकली की दिवसाची मजुरी जाते. म्हणून हे काम आम्ही व्यवसायबंधूंपुढे जरा तपशिलाने मांडत आहोत.

मुळात कटर काच कापतच नाही. पूर्वीची हिरकणी असो की आजचे कार्बाइडचे चाक, ते काचेवर फक्त ओरखडा काढते. त्या ओरखड्याखाली बारीक तडा जातो. रेघेच्या दोन्ही बाजूंना धरून काच वाकवली की तोच तडा खालपर्यंत उघडतो. म्हणून रेघ एकदाच, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न थांबता ओढावी. नवशिका त्याच रेघेवर दुसऱ्यांदा कटर फिरवतो आणि तडा भलतीकडे पळतो. चाकही खराब होते ते वेगळेच. हात बरोबर असेल तर एकसारखा झर्र आवाज येतो. रेघ पांढरी पडून भुकटी उडाली तर दाब जास्त झाला असे समजावे. रेघ ताजी असतानाच काच तोडावी, चहा नंतर घ्यावा.

चाकाला तेल लागते. जुने कारागीर रॉकेल वापरत. ते हल्ली सहज मिळत नाही, पण शिलाई मशीनचे तेल चालते. चाक आणि पट्टीची कड यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर राहते, ते मापात धरावे. आरसा नेहमी काचेच्या बाजूने कापावा, रंगाच्या बाजूने नव्हे.

आता हिशोब. सुताराची करवत लाकूड खाते, कटर काच खात नाही. त्यामुळे नफा कशात आहे, तर मांडणीत. ४ फूट बाय ६ फुटांची शीट घ्या, म्हणजे ४८ बाय ७२ इंच. गिऱ्हाइकाला १४ बाय १८ इंचांच्या काचा हव्यात. १४ इंच शीटच्या रुंदीकडे धरले तर १२ काचा निघतात, १८ इंच धरले तर १०. एकाच शीटमध्ये दोन नगांचा फरक! शिवाय १२ काचांच्या मांडणीत सहा इंचांची लांब पट्टी उरते, तिच्यात ४ बाय ६ चे १८ तुकडे बसतात. कटर उचलण्याआधी कागदावर आकृती काढायला पाच मिनिटे लागतात. आमच्या पाहण्यात मात्र बहुतेक जण ती काढत नाहीत.

जमाना टफन्ड काचेचा आला आहे. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आवळलेला आणि आतला भाग ताणलेला राहतो. ती नंतर कापता येत नाही. एकदा आम्ही मोडीत घेतलेल्या शोकेसची फळी कापायला बसलो. कोपऱ्यावरच्या शिक्क्याकडे लक्ष गेले नाही. कटर टेकवून जरा जोर दिला आणि क्षणात सतरंजीवर चुरीचा ढीग झाला. सुदैवाने डोळे वाचले. तेव्हापासून चष्म्याशिवाय आम्ही बसत नाही, मुलांना ओसरीवर येऊ देत नाही आणि बारीक कण ओल्या फडक्यानेच टिपतो.

टफन्ड काचेने धंद्याचा धोकाही बदलला. साधी काच चुकून मोठी झाली तर कडेची पट्टी काढता येते. भट्टीतून आलेली टफन्ड काच दोन मिलिमीटरने मोठी निघाली तरी तिला हात लावता येत नाही आणि नुकसान माप घेणाऱ्याच्या खिशातून जाते. अशा कामाला माप तीन ठिकाणी घ्यावे, वर, मध्ये आणि खाली. लहानात लहान माप धरावे, त्यातूनही बसवायला थोडी जागा सोडावी. मापाच्या कागदावर गिऱ्हाइकाची सही आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. ओळखीच्या माणसाकडे मागायला संकोच वाटतो, तरी मागावी.

सरकारी मदतीबद्दल बरेच जण विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, पण काच कापणारा नाही. ही उणीव आम्हाला खटकते. उद्यम नोंदणी मात्र आपल्या कारागिरालाही करता येते. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, तिच्यासाठी कोणी फी मागितली तर देऊ नये.