ब्रेकच्या डिस्कवरील खुणा : वाचायच्या कशा?



आपल्या बीड जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या डोंगरात आहे. मांजरसुंब्याचा घाट असो की धारूरचा, सहलीची गाडी आणि शाळेची व्हॅन तिथून जातेच. गाडी चढते इंजिनाच्या जोरावर, पण उतरते ब्रेकच्या भरवशावर. बहुतेक कारच्या पुढच्या चाकातून एक चकचकीत लोखंडी थाळी दिसते. तीच ब्रेकची डिस्क. तिच्यावरच्या खुणा ओळखता आल्या, तर गॅरेजला कधी जायचं हे आपल्याला वेळेवर कळतं.

खुणा उमटतात कशाने?

ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कला आवळतात. घर्षणाने गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते. नववीचं सूत्र आठवा : ½mv². 1000 किलोची कार ताशी 60 किमी वेगावरून थांबवली, तर सुमारे 1 लाख 39 हजार ज्यूल उष्णता तयार होते. आता तीच कार घाटात 100 मीटर उंची उतरली, तर mgh प्रमाणे 9 लाख 80 हजार ज्यूल! म्हणजे सातपट. न्यूट्रल करून उतरलो, तर यातला बहुतेक भार एकट्या ब्रेकवर पडतो.

आता खुणा पाहू

1. तांबूस थर : पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर येणारा गंज. चार-दोन वेळा ब्रेक मारला की निघून जातो. काळजी नको.

2. बारीक गोल रेषा : पॅड घासल्याने येतातच. मात्र थंड डिस्कवरून नख फिरवल्यावर ते अडकत असेल, तर ती रेष नाही, चर आहे. पॅड संपलाय का ते तपासून घ्या.

3. निळसर-जांभळे डाग : डिस्क फार तापल्याची खूण. लोहार पोलाद तापवतो तेव्हा 300 अंश सेल्सिअसच्या आसपास असाच निळा रंग चढतो. ब्रेक अडकून राहतोय का, की उतारावर सतत दाबला जातोय, हे शोधायला हवं.

4. काळपट पट्टे : तापलेल्या पॅडचा थर डिस्कला कमी-जास्त चिकटतो. मग ब्रेक मारताना पायाखाली पेडल थरथरतं.

5. तडे : काठापर्यंत गेलेला तडा दिसला, तर गाडी चालवू नका. डिस्क बदलाच.

6. कोरलेली अक्षरं : बऱ्याच डिस्कवर इंग्रजीत ‘मिन’ लिहून पुढे मिलिमीटरमध्ये आकडा असतो. ही किमान जाडी. डिस्क त्यापेक्षा पातळ झाली की बदलायची. काठाची कड झिजत नाही, त्यामुळे तिथे पट्टी लावून मोजाल तर फसाल. घासल्या जाणाऱ्या भागाचीच जाडी मेस्त्रीकडून मोजून घ्या.

दुचाकीच्या डिस्कला भोकं असतात, ती मुद्दाम पाडलेली असतात. तो बिघाड नव्हे.

हे नक्की पाळा

- नुकत्याच चाललेल्या गाडीच्या डिस्कला हात लावू नका, पोरांनाही लावू देऊ नका. चांगलंच भाजतं.
- तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो.
- डिस्कला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका.
- घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे इंजिनही गाडीला धरून ठेवतं.

वर्गासाठी उपक्रम

मुलांना दोन्ही तळहात जोरात घासायला सांगा. ऊब कुठून आली, हे तीच सांगतील. मग विचारा : वेग 30 वरून 60 झाला, तर ब्रेकला किती पट उष्णता झेलावी लागेल? पुष्कळ जण दुप्पट म्हणतील. सूत्रात v चा वर्ग आहे, म्हणून उत्तर चौपट!

पालकहो, सहलीला पोरं पाठवण्याआधी गाडीवाल्या दादांना एवढं जरूर विचारा, “ब्रेकचे पॅड आणि डिस्क शेवटच्या कधी बघितल्या?” विचारण्यात संकोच कसला? गाडीत आपलीच लेकरं बसणार आहेत.