होडीवरचं क्रॅक अ‍ॅप काढा, फुकटात चांगलं मिळतंय!

मोसम सुरू झाला की ग्रुपवर कोणीतरी नेव्हिगेशन अ‍ॅपची 'क्रॅक' एपीके टाकतंच. पैसे वाचतात, पण नकाशा अपडेट होत नाही. वाळूचा दांडा सरकतो, बोया हलवला जातो, स्क्रीनवर मात्र पाणी खोलच दिसतं. शिवाय ती फाइल फोनमध्ये आणखी काय करते, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि त्याच फोनवर आपलं यूपीआय!

त्याऐवजी माझी पहिली पसंती ओपनसीपीएन हा नेव्हिगेशन प्रोग्रॅम. विंडोज, मॅक, लिनक्सवर पूर्ण मोफत, ओपन सोर्स. लॅपटॉपला साधा यूएसबी जीपीएस लावला की झालं. सिग्नल तुटला की होडीचं चिन्ह करडं पडतं, हे मला फार आवडतं. चुकीची जागा छातीठोकपणे दाखवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. नकाशे वेगळे घ्यावे लागतात. अमेरिकेच्या किनाऱ्याचे 'नोआ' ही तिथली सरकारी संस्था फुकट देते, तिकडच्या मराठी मंडळींची चैन आहे. आपले अधिकृत चार्ट देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं, ते विकत. ओपनसीमॅप मोफत, पण स्वयंसेवकांनी भरलेला. मालवणच्या खडकांत त्याच्या भरवशावर शिरू नका.

निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटा-वाऱ्याचा मोफत अंदाज बघा. नकाशे घरीच वायफायवर उतरवून ठेवा. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, ऑनलाइन नकाशाला लागते.

कोकण किनाऱ्यावर कोणी ओपनसीपीएन वापरत असेल तर आपली सेटिंग्ज खाली जरूर टाका.