शाळेतील संगणक आणि धूळ

शाळेतील संगणक पंधरा-वीस मिनिटे नीट चालतो. मग त्याचा पंखा घोंघावू लागतो, काम मंदावते आणि अखेर यंत्र आपोआप बंद पडते. ते बिघडले असे समजून कपाटात ठेवले जाते व मुले त्यास मुकतात. वास्तविक पुष्कळदा हा दोष यंत्राचा नसून धुळीचा असतो.

संगणकातील प्रोसेसर चालू असता तापतो. त्याची उष्णता शोषून घेण्यासाठी त्यावर पातळ पट्ट्यांचा धातूचा ठोकळा बसविलेला असतो व पंखा त्या पट्ट्यांमधून हवा खेळवितो. खडूची भुकटी, अंगणातील माती व कपड्यांचे तंतू त्या फटींत साचले, म्हणजे ठोकळ्यावर जणू घोंगडीच पांघरली जाते. अनेक प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअस तपमानास आपला वेग स्वतःच कमी करतात. उष्णता तरीही वाढली तर यंत्र बंद होते. उन्हाळ्यात वर्गातील हवाच ४० अंशांवर असता थोडी धूळही पुरते.

सफाईपूर्वी संगणक बंद करून त्याची वायर सॉकेटमधून काढावी आणि पेटी ओसरीवर आणावी. प्रथम पेटीच्या रंग न दिलेल्या धातूच्या भागास हात लावावा. अंगावरील स्थिर विद्युत् आतील नाजूक भागांस अपाय करू शकते. मग बाजूचे झाकण काढून कोरड्या, मऊ ब्रशाने धूळ सैल करावी व सायकलच्या पंपाने उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा वाऱ्याने ते अतिवेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे तुषार आत जातात. ओले फडके तर वर्ज्यच.

वीजपुरवठ्याची आतील बंद पेटी मात्र कोणीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरांत धोकादायक विद्युत्-भार राहू शकतो. तिची जाळी बाहेरूनच झाडावी. मुलांनी हे सारे पाहावे, हात शिक्षकांनीच लावावा.

काही शाळांत हौसेने शिवलेली कापडी गवसणी यंत्र चालू असतानाही काढली जात नाही. धुळीपासून रक्षण करू पाहणारी ही माया हवेचीच वाट अडविते. यंत्र फळ्यापासून दूर, जमिनीपासून उंच व भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावे. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीनंतर, वर्ग भरण्यापूर्वी, एकदा सफाई करावी.

इतके करूनही यंत्र तापून बंद पडत असेल, तर प्रोसेसर व ठोकळा यांमधील उष्णतावाहक लेप वाळला असण्याचा संभव आहे. तो बदलण्याचे काम जाणकार कारागिराकडे सोपवावे.