डावा कोपरा

मैदानावरची माणसं : लेखांक ९

मका घरात आला, कापसाची पहिली वेचणी उरकली, की फुलंब्रीच्या आसपासच्या शाळांची मैदानं संध्याकाळी पुन्हा भरायला लागतात. परवा अशाच एका मैदानाच्या कडेला बसलो होतो. सरांनी दुपारीच पाणी मारून माती बसवली होती आणि फक्कीच्या रेघा अजून ओलसर होत्या. डाव्या कोपऱ्यात एक चौदा वर्षांचा पोरगा वाकून उभा होता, उजव्या हातानं शेजारच्या गड्याचं मनगट धरून. समोरून चढाईला आलेल्या मुलानं बोनससाठी पाय लांबवला आणि या पोरानं क्षणाचाही विचार न करता झेप घेतली. घोटा हातात आला. पण चढाई करणारा दोन वर्षांनी मोठा होता. मदतीला धावलेल्या दोघांनाही त्यानं सोबत ओढत नेलं आणि मध्यरेषेला बोटं टेकवली. तिघं बाद.

पोरगा तोंडातली माती थुंकत उठला. घोटा तर बरोबर धरला होता, मग चुकलं काय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सर एवढंच म्हणाले, "थांबायचं रे. घेऊ दे ना त्याला एक बोनस."

गेल्या आठवड्यात आपण चढाईपटूची कारकीर्द पाहिली. या आठवड्यात त्याच्यासमोर उभ्या असणाऱ्या गड्याची, म्हणजे बचावपटूची. जगातल्या बहुतेक सांघिक खेळांत गोल करणाऱ्याचं नाव आधी पाठ होतं आणि अडवणाऱ्याचं नंतर. कबड्डीत ही तफावत जास्तच जाणवते, कारण चढाईपटू तीस सेकंद एकटाच सगळ्यांच्या नजरेत असतो, तर बचावाचे सात जण एकमेकांचे हात धरून असतात आणि पकड झाली तरी ती नेमकी कुणी सुरू केली हे ढिगाऱ्यात कळत नाही.

आधी जागा समजून घेऊ. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. बचावाची साखळी कमानीसारखी पसरते. तिच्या दोन्ही टोकांना कोपरारक्षक असतात आणि मधल्या भागात मध्यरक्षक. कोपऱ्यातल्या गड्याचं काम घोटा, गुडघा, मांडी धरून चढाईपटूला खोलात अडकवण्याचं. मध्यरक्षक परतीची वाट बंद करतो. कधी समोरून अडवतो, कधी खांद्याचा धक्का देऊन मैदानाबाहेर काढतो. कोपरारक्षकाच्या शेजारी बहुधा संघाचा चढाईपटूच उभा असतो, त्याला पकडीत फारसा रस नसतो. म्हणून कोपऱ्यातला माणूस दिसतो त्याहून जास्त एकटा असतो.

आता हिशेब बघा. पकड यशस्वी झाली तर एक गुण आणि आपला एक गडी उठतो. फसली, तर ज्यांनी ज्यांनी हात लावला ते सगळे बाहेर. त्या पोराच्या झेपेनं संघाचे तीन गुण गेले, ते असे. बोनस दिला असता तर एकच गेला असता. म्हणून मुरलेला बचावपटू पहिल्या दोन चढायांत काहीच करत नाही असं वाटतं. खरं तर तो तेव्हा समोरच्याला रिकाम्या हाती परत पाठवण्याच्या मागे असतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत चढाईपटूला गुण आणावाच लागतो, नाहीतर तो स्वतःच बाद होतो. तिसऱ्या वेळी तो खोलात येतोच, आणि तेव्हा कोपरा तयार असतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात. आपल्याकडे वर्तमानपत्रं तिला अव्वल पकड म्हणतात. लोण बसायच्या बेतात असलेला सामना अशा एका पकडीनं फिरतो.

हे सगळं गुणपत्रिकेत अर्धंच उतरतं. पकडी मोजल्या जातात. न टाकलेला हात कुणी मोजत नाही. आणि मला वाटतं, बचावपटूची कारकीर्द किती वर्षं चालणार हे त्या न टाकलेल्या हातावरच जास्त ठरतं.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्यायचं तर कल्याणचा गिरीश इर्नाक. डावा कोपरारक्षक. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ ला सुरू झाली. गिरीश तिच्यात बंगाल वॉरियर्स, पुणेरी पलटण, गुजरात जायंट्स अशा संघांकडून खेळला आणि २०१८ च्या सहाव्या हंगामात पुणेरी पलटणचा कर्णधार होता. पण त्याच्या कारकिर्दीतला मला सर्वांत मोठा वाटणारा दिवस लीगमधला नाही. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ असं हरवलं आणि अकरा वर्षांनी विजेतेपद परत आणलं. रिशांक देवाडिगा कर्णधार होता, चढायांची चर्चा त्याची आणि सिद्धार्थ देसाईची झाली. त्याच संघात डाव्या कोपऱ्यात गिरीश आणि उजव्या कोपऱ्यात विकास काळे होता. ज्या राज्यात १९२० च्या दशकात या खेळाचे नियम कागदावर आले, त्या राज्याला राष्ट्रीय विजेतेपदासाठी अकरा वर्षं थांबावं लागलं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गिरीश जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून उतरला. १९९० पासून २०१४ पर्यंत सलग सात सुवर्णपदकं भारताची होती. उपांत्य फेरीत इराणनं आपल्याला २७-१८ असं हरवलं. कांस्यपदक घेऊन परतलेल्या त्या संघावर खूप टीका झाली. त्या दिवशी इराणनं काय केलं होतं? आपल्या संघाला अठरा गुणांच्या पुढे जाऊ दिलं नाही. त्यांच्या डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली होता. आपल्याच लीगमध्ये, आपल्याच मॅटवर खेळून तो तयार झाला होता. पुढे लीगमध्ये पकडींचे पाचशेहून अधिक गुण त्याच्या नावावर जमा झाले.

पैशाचंही बोलायला हवं, कारण व्यावसायिक खेळाडूच्या कारकिर्दीत तो विषय टाळता येत नाही. २०१८ च्या लिलावात पहिल्यांदाच सहा खेळाडूंनी कोटीचा आकडा ओलांडला किंवा गाठला. आपल्या रिशांकला १ कोटी ११ लाख मिळाले. त्या सहांत निव्वळ बचावपटू एकच, फझल, त्याला बरोबर १ कोटी. बाकीच्यांची ओळख चढाईची. पाच वर्षांनी चित्र थोडं बदललं. दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईवर २ कोटी ३५ लाख मोजले. तो चढाईही करतो, पण त्याची खरी किंमत डाव्या कोपऱ्यातली. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. आकडे नीट बघा. कबड्डीच्या मानानं हे फार थोडे गुण आहेत. तो सामना अडवणाऱ्यांनी जिंकला होता.

दूरचा एक खेळ इथे आठवतो. बर्फावरच्या हॉकीत दोन बचावपटू असतात आणि तेही एका वेळी पाऊण मिनिटाच्या आसपासच मैदानात राहतात, मग दम घ्यायला बाकावर. कबड्डीच्या अर्ध्या मिनिटाशी हे किती जुळतं! त्या खेळात सर्वोत्तम बचावपटूला १९५४ पासून नोरिस चषक देतात. कॅनडाच्या बॉबी ऑरनं तो सलग आठ वर्षं जिंकला. बचावपटू असून तो चेंडूऐवजी वापरली जाणारी चकती घेऊन थेट पुढे मुसंडी मारायचा, त्यानं त्या जागेचा अर्थच बदलला. पण गुडघ्यांवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि १९७८ मध्ये, तिशीतच, त्याला थांबावं लागलं. दुसरीकडे स्वीडनचा निकलस लिडस्ट्रॉम. त्याचे नोरिस चषक सात. डेट्रॉइटच्या एकाच संघाकडून वीस हंगाम खेळून २०१२ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. आडदांड अंगावर जाण्यापेक्षा योग्य जागी आधीच पोहोचून उभं राहणं ही त्याची खासियत. ऑर मोठा की लिडस्ट्रॉम, यावर तिकडे आजही वाद होतात. आपल्या पोरांना शिकवताना मी मात्र लिडस्ट्रॉमचं नाव आधी घेईन.

कारण गुडघा. मातीवर अनवाणी खेळताना पाय थोडा घसरतो, त्या घसरण्यात झटका जिरतो. मॅटवर बूट घट्ट धरतो. पाय जागीच राहतो आणि अंग फिरतं, तो सगळा पीळ गुडघ्यातल्या लिगामेंटवर येतो. चढाईपटू निदान स्वतः ठरवून वळतो. कोपरारक्षकाला दुसऱ्याच्या वळण्याबरोबर फरफटत जावं लागतं, वरून आपलेच दोन-तीन गडी अंगावर पडतात. खांदा निखळणं तर इतकं नेहमीचं, की गावोगावच्या स्पर्धांत तो कुणीतरी मैदानाकडेलाच बसवून देतो आणि खेळाडू पुन्हा उतरतो. हे थांबायला हवं. निखळलेला खांदा नीट विश्रांती आणि व्यायाम न देता पुन्हा वापरला, तर तो वारंवार निखळत राहतो. एखाद्या तालुक्याच्या अंतिम सामन्यासाठी सतरा वर्षांच्या पोराचा खांदा खर्ची घालू नये, एवढी कळकळीची विनंती मला आयोजकांना आणि पालकांनाही करायची आहे.

आपल्याकडच्या मुलाची वाट साधारण अशी असते. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धा. त्याच्या जोडीनं असोसिएशनचे किशोर आणि कुमार गट, जिथे वयाइतकीच वजनाची अट असते. जिल्हा निवड चाचणी, मग राज्य अजिंक्यपद, नशीब असेल तर राष्ट्रीय. लीगचं दार फार थोड्यांसाठी उघडतं आणि उघडलं तरी हंगाम वर्षातले काही महिने. बाकीचं वर्ष कुणी पोसायचं? म्हणून महाराष्ट्रात कबड्डीचा खरा कणा म्हणजे नोकरी. पोलीस, रेल्वे, बँका, भारत पेट्रोलियमसारख्या कंपन्या यांचे संघ आणि सरकारी भरतीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण. फुलंब्री, वडोद बाजार, पाल, गणोरीकडच्या घरात मुलगा कबड्डी खेळतो म्हटल्यावर टीव्हीवर दिसेल का, असं फारसं कुणी विचारत नाही. भरतीत धरतील का, असं विचारतात. हा प्रश्न अगदी रास्त आहे. प्रमाणपत्र कोणत्या पातळीच्या स्पर्धेचं आहे यावर भरतीतलं बरंच अवलंबून असतं, आणि पडताळणीत ते ग्राह्य धरलं गेलं तरच उपयोग. त्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत, स्पर्धेची तारीख, वयाचा दाखला पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये ठेवा. चौदाव्या वर्षी हे सांगितलं की पोरं कंटाळतात. बाविसाव्या वर्षी तीच फाईल शोधत फिरतात.

बचावपटूला या वाटेवर एक अडचण जास्तीची असते. निवड चाचणीत अर्ध्या तासाच्या खेळात चढाईपटू चार गुण आणून नजरेत भरतो. कोपऱ्यातला मुलगा त्याच अर्ध्या तासात नजरेत भरायच्या घाईनं भलत्या वेळी झेपावतो आणि बाद होऊन बाहेर बसतो. निवड करणाऱ्यांनी पकडींबरोबर रिकाम्या परतवलेल्या चढायाही टिपून घ्याव्यात. अवघड काहीच नाही, कागदावर एक रकाना वाढवायचा आहे.

त्या संध्याकाळी पोराचे वडील दुचाकीवरून त्याला न्यायला आले होते. कपाशीच्या शेतातून थेट, सदऱ्याला बोंडाची टरफलं चिकटलेली. मला हळूच म्हणाले, "गुडघ्याला तर काही होणार नाही ना?" मी त्यांना होणारच नाही असं सांगू शकलो नाही. गरम होऊन मगच उतरायला सांगा, मांड्यांचा व्यायाम चुकवू देऊ नका, दुखत असेल तर लपवू नको म्हणावं, एवढं सांगितलं.

अंधारत आलं होतं, फक्की धूसर झाली होती. शेवटची चढाई. तोच मोठा मुलगा पुन्हा डावीकडे सरकला, पुन्हा पाय लांबवला. पोराची बोटं हलली, मी पाहिलं. शेजारच्यानं त्याचा हात दाबला. तो वाकलेलाच राहिला, अर्धं पाऊल मागे गेला. चढाई करणारा बोनस घेऊन परतला आणि त्याच्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि मैदानाच्या पलीकडून त्या पोराकडे बघून मान हलवली.