हेलसिंकीहून: सही कोणाची?

मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं काम इथल्या बऱ्याच ऑफिसांत आता एआयकडे गेलं आहे. आमच्याकडेही. मीटिंग संपते न संपते तोच कोण काय बोललं, काय ठरलं, पुढचं काम कोणाकडे, असं सगळं मुद्देसूद मेलमध्ये येऊन पडतं. गंमत अशी, की त्या कागदावर बोललेले दिसतो ते आम्ही परदेशीच. फिनिश मंडळी जवळजवळ गैरहजर! ती समोरच बसलेली असतात, पण होकार द्यायचा तर फिनिश माणूस श्वास आत ओढत 'यो' म्हणतो, आणि तो शेजारच्यालाही जेमतेम ऐकू येतो. यंत्राला काय ऐकू येणार? मग आमच्या टीमच्या प्रमुख बाई इतिवृत्त उघडतात, गळलेले होकार भरतात आणि पुढे पाठवतात. यंत्राने घोळ घातला म्हणून हसत नाहीत की वैतागत नाहीत. यंत्राने लिहायचं आणि माणसाने तपासायचं, हे त्यांनी गृहीतच धरलेलं आहे.

यंत्राला बोललेलं कळत नाही, ही अडचण या देशाने चॅटजीपीटी येण्याच्या दोन वर्षं आधीच मनावर घेतली. फिनलंडची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास, आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून कितीतरी कमी. त्यात लिहायची फिनिश वेगळी आणि बोलायची वेगळी. पुस्तकातलं 'मिनॅ ओलेन', म्हणजे 'मी आहे', तोंडी येताना 'मॅ ओन' होतं. वर पंधरा विभक्त्या. बातम्या आणि पुस्तकं वाचून शिकलेलं यंत्र खेड्यातल्या आजीचं बोलणं कसं समजणार? म्हणून २०२० च्या उन्हाळ्यात इथली सार्वजनिक प्रसारण संस्था यले, हेलसिंकी विद्यापीठ आणि एक सरकारी कंपनी यांनी लोकांना हाक दिली: तुमचं बोलणं दान करा. फोन उघडायचा, पडद्यावर एखादा विषय येतो, प्राणी, खेळ, कोरोनातला वसंत, आणि मनात येईल ते बोलत सुटायचं. मौनासाठी नावाजलेल्या या देशात वीस हजारांहून जास्त माणसं बोलली आणि सुमारे ३,६०० तासांचं बोलणं जमा झालं. त्यात अडखळणं आहे, अर्धवट सोडलेली वाक्यं आहेत, बोलींचे हेल आहेत. हवं होतं तेच. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 'भाषिणी'मधला 'भाषादान' हा उपक्रम याच जातीचा, आणि तिथे मराठीतही आवाज देता येतो. मोबाइलला मालवणी किंवा वऱ्हाडी हेल कळत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी करून पाहण्यासारखं काम आहे.

दुसरी गोष्ट इतकी गोड नाही. यंत्र शिकवायचं तर कुणालातरी ढीगभर मजकूर वाचून त्यावर खुणा कराव्या लागतात. इंग्रजी मजकुराचं हे काम केनियात किंवा भारतात स्वस्तात उरकतं. फिनिश वाचणारा स्वस्त मजूर आणायचा कुठून? मेट्रॉक नावाच्या फिनिश कंपनीला तो तुरुंगात सापडला. हेलसिंकीपासून शंभरेक किलोमीटरवरच्या हॅमेनलिन्नात महिलांचा तुरुंग आहे. तिथल्या कैदी बायका लॅपटॉपसमोर बसतात, बांधकामाबद्दलच्या मजकुराचा एक तुकडा समोर येतो आणि त्याखाली प्रश्न: यात जागेच्या व्यवहाराचा निर्णय झालेला आहे का? हो किंवा नाही, की पुढचा तुकडा. मोबदला २०२३ मध्ये तासाला १.५४ युरो होता, म्हणजे साधारण दीडशे रुपये. तुरुंग खात्याचं म्हणणं असं, की बाहेरचं जग संगणकावर चालत असताना आत नुसतं हातकाम का द्यायचं? कामाची सक्तीही नाही. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. सुटून आल्यावर या कौशल्यावर नोकरी कोण देणार? बाहेर पुऱ्या पगारावर हे काम करून घेणं परवडलं असतं, तर कंपनी तुरुंगाच्या दारात गेलीच नसती.

यंत्राला शिकवायचं नाही, नुसतं समजून घ्यायचं आहे, अशांसाठी एक अभ्यासक्रम आहे. हेलसिंकी विद्यापीठ आणि रिअॅक्टर या कंपनीने मे २०१८ मध्ये 'एलिमेंट्स ऑफ एआय' फुकट खुला केला. देशातल्या एक टक्का लोकांना, म्हणजे ५५ हजारांना, एआय म्हणजे काय ते समजावं, एवढंच उद्दिष्ट. पुढे युरोपभरच्या भाषांत तो गेला आणि शिकणाऱ्यांचा आकडा दहा लाखांवर पोचला. त्यातल्या चाळीसेक टक्के बायका आहेत, आणि संगणकाच्या वर्गात हे प्रमाण क्वचितच दिसतं. मी तो उघडला तेव्हा सुरुवातीच्याच एका धड्यात ओळखीचं कोडं भेटलं: आपलं वाघ, शेळी आणि गवताचं! इथे वाघाच्या जागी कोल्हा, शेळीच्या जागी कोंबडी, गवताच्या जागी कोंबडीचं खाद्य आणि नावाडी रोबो, एवढाच फरक. काठावर काय काय उरू शकतं याची प्रत्येक शक्यता मांडत गेलं, की यंत्र 'विचार' करतं म्हणजे काय करतं ते दिसू लागतं. एआयला प्रश्न कसा टाकावा, हे मात्र या अभ्यासक्रमात नाही. आज तो त्यामुळे थोडा जुनाट वाटतो. पण प्रश्न टाकायच्या युक्त्या सहा महिन्यांत शिळ्या होतात, शक्यतेचं गणित होत नाही.

या गणिताचा फटका कसा बसतो, ते लोकांना एका खटल्यात दिसलं. २०१५ मध्ये विरळ वस्तीच्या भागात राहणाऱ्या एका माणसाने ऑनलाइन खरेदीसाठी उधारी मागितली. ती नाकारली गेली. पैसे बुडवल्याची त्याच्या नावावर नोंद नव्हती. वित्त कंपनीच्या यंत्रणेने त्याला गुण दिले होते ते तो पुरुष, त्याचं वय, त्याचा पत्ता आणि त्याची मातृभाषा बघून. तो बाई असता किंवा स्वीडिशभाषक असता, तर उधारी मिळाली असती. (फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे पाच-सहा टक्के आहेत आणि ती दुसरी राष्ट्रभाषा आहे.) २०१८ मध्ये समानतेचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने याला भेदभाव ठरवलं, ही पद्धत बंद करायला सांगितलं आणि आदेश मोडल्यास एक लाख युरो दंडाची तंबी दिली.

सरकारी कामकाजापुरती रेघ १ मे २०२३ ला लागू झालेल्या कायद्याने ओढली. यंत्रणेने आपोआप निर्णय द्यायला हरकत नाही, पण माणसांनी आधी लिहून ठेवलेल्या नियमांनुसारच. स्वतः शिकत जाणाऱ्या एआयने नागरिकाच्या अर्जावर निकाल द्यायचा नाही. निर्णय आपोआप झाला असेल तर कागदावर तसं सांगायचं, आणि दुरुस्तीची मागणी फुकट करता आली पाहिजे. हेलसिंकी महापालिकेने तर २०२० पासूनच एआयची नोंदवही सगळ्यांना बघायला ठेवली आहे. पार्किंगच्या शंका सोडवणारा चॅटबॉट असो की ओदी वाचनालयात पुस्तकं सुचवणारा, तो कुठली माहिती वापरतो आणि त्याची जबाबदारी कोणावर, ते कोणीही वाचावं.

कायद्यात एक फट मात्र राहिली आहे. यंत्राने फक्त मसुदा केला आणि अधिकाऱ्याने तो बघून पाठवला, तर तो निर्णय माणसाचा. दिवसाला शंभर अर्ज निकाली काढायचे असले, तर अधिकारी कितव्या अर्जापर्यंत मसुदा खरोखर वाचतो आणि कितव्यापासून नुसती सही करतो, याची नोंद कुठल्याच नोंदवहीत होत नाही.